चोपन्न मिनिटे

गेल्या वर्षी गणपतीत माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे वाईला आला, तो आपले ऑफिस पाठीवरच्या पिशवीत घालून. हल्ली हे सर्रास चालते. पूर्वी नोकरी माणसाला घरातून ओढून नेई. आता ती त्याच्या मागोमाग घरी येते आणि पाहुण्यासारखी पाट मांडून बसते. पडवीत झोपाळ्याशेजारी त्याने एक लाकडी स्टूल ओढले, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कामाला लागला.

निदान मला तसे वाटले. पण त्याच्या कामाची तऱ्हा मोठी विलक्षण होती. दहा मिनिटे तो खटखट करी, मग एक कळ दाबी आणि उठे. उठला की झोपाळ्यावर बसे. तिथून परसात जाऊन जास्वंदीकडे पाहत उभा राही. स्वयंपाकघरात डोकावून खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकी. मग माझ्याशी गप्पा मारी, नाहीतर घाटावर एक चक्कर मारून येई. परतल्यावर स्क्रीनकडे पाही, ‘च्च’ करी, पुन्हा पाच मिनिटे खटखट, पुन्हा ती कळ आणि पुन्हा झोपाळा. तीन दिवस हा प्रकार पाहून माझी बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “दादा, ह्याची नोकरी शाबूत आहे ना? तू विचार. मी विचारलं तर चिडतो.”

मी विचारले. तो म्हणाला, “मामा, टेस्ट लागल्यात.”

“कोणाच्या?”

“माझ्याच. म्हणजे माझ्या कोडच्या. चोपन्न मिनिटं लागतात. तोवर करणार काय?”

परीक्षा घेण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. परीक्षा म्हटली की माझे कान आपोआप उभे राहतात. मी झोपाळ्यावर त्याच्याशेजारी बसलो आणि त्या चोपन्न मिनिटांत त्याने मला जे सांगितले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे इथे मांडतो.

त्याची कंपनी बसगाड्यांच्या आरक्षणाचे सॉफ्टवेअर करते. आठ प्रोग्रॅमर. प्रत्येक जण दिवसभरात थोडेथोडे लिहितो, आणि लिहिलेले सगळे एकाच मुख्य प्रतीत मिळवायचे असते. मिळवले की एक यंत्र ती सगळी प्रत नव्याने उतरवून घेते, जुळवते आणि तिची परीक्षा घेते. परीक्षा म्हणजे तीन हजार आठशे छोटे प्रश्न. सीट घेता येते का? घेतलेली सीट रद्द करता येते का? पैसे परत मिळतात का? परत मिळतात ते बरोबर तितकेच का? सगळी उत्तरे बरोबर आली तर हिरवा दिवा. एक जरी चुकले तरी तांबडा. ह्या रोजच्या मिळवणी-तपासणीला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. हे सगळे करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव जेंकिन्स. तो लिहिला कोहसुके कावागुची नावाच्या जपानी गृहस्थाने. आधी त्याचे नाव हडसन होते, २०११ साली मालकीहक्काच्या वादातून ते बदलावे लागले. चित्रात तो बो लावलेला, हातावर पंचा टाकलेला इंग्रजी बटलर दाखवतात. मला हे फार आवडले. परीक्षा घेणारा माणूस इतका अदबशीर असू शकतो हे आमच्या शिक्षणखात्याला कुणीतरी कळवायला हवे.

“पण तू बदललीस एक ओळ,” मी म्हटले, “तर तेवढ्याचीच परीक्षा घ्यावी. तीन हजार आठशे प्रश्न पुन्हा कशाला?”

हे विचारायला नको होते, असे बोलता बोलताच माझ्या ध्यानात आले. माझ्या एका कादंबरीत, चौथ्यांदा लिहिताना, मी नायकाच्या चुलत्याचा मृत्यू पाचव्या प्रकरणात अलीकडे ओढला. प्रकरण झकास जमले. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचे पत्र आले, की एकोणिसाव्या प्रकरणात हेच चुलते ओटीवर बसून बशीतून चहा पीत आहेत, तरी खुलासा व्हावा. मी बदलले होते पाचवे प्रकरण, मोडले एकोणिसावे. एका ठिकाणी हात लावला की दुसऱ्या कुठल्या ठिकाणी भोक पडेल ते लिहिणाऱ्याला दिसत नाही. म्हणून सगळे पुन्हा वाचावे लागते, आणि म्हणूनच कोणी वाचत नाही.

ह्या लोकांनी ते वाचण्याचे काम यंत्राकडे दिले. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा असे दोघे झुरिकहून विमानाने अटलांटाला निघाले असता प्रवासात बसल्या जागी त्यांनी ‘जे-युनिट’ नावाचे एक परीक्षेचे साधन लिहिले. पुढे ते जगभर पसरले. त्याच बेकने नंतर असा दंडक सांगितला, की ही सगळी जुळवाजुळव आणि परीक्षा दहा मिनिटांत आटोपली पाहिजे. माझ्या भाच्याकडे ती चोपन्न मिनिटे चाले.

चोपन्न मिनिटांनी काय बिघडते? मला वाटले, फार तर चहा जास्त होतो. पण हिशेब पाहा. परीक्षा घेणारे यंत्र एक. आठ तासांच्या दिवसात ते जेमतेम नऊ परीक्षा घेणार, आणि माणसे आठ. म्हणजे माणशी दिवसाला एक. मग माणसे काय करतात? आपण पोस्टात जसे चार कामे साठवून एकदम जातो, तसे ती दोन-दोन दिवसांचे लिखाण साठवतात आणि एकदम मिळवतात. मग तांबडा दिवा लागला की दोन दिवसांच्या गाठोड्यात चूक शोधायची. आणि मध्यंतरी दुसऱ्यानेही आपले गाठोडे टाकलेले असते, तेव्हा चूक कोणाची हाही वाद. रोज थोडे थोडे मिळवावे म्हणून जी व्यवस्था केली, तीच हळू चालल्यामुळे माणसांना साठवायची सवय लावते. शिवाय चोपन्न मिनिटांनी उत्तर येते तेव्हा माणूस प्रश्न विसरलेला असतो. तो घाटावर असतो.

“अरे, मग वाटून द्या की,” मी म्हणालो. “सहामाहीच्या तीनशे उत्तरपत्रिका मी एकटा तपासतो का? सहा मास्तर, पन्नास-पन्नासचा गठ्ठा.”

भाचा हसला. “मामा, तेच काम माझ्या गळ्यात पडलंय. दिवाळीच्या आधी नवी आवृत्ती जायची आहे. त्याआधी हे दहा मिनिटांवर आणायचं.”

त्याच दुपारी त्याने आठ यंत्रे लावली. लावली म्हणजे भाड्याने घेतली. ती कुठे असतात ते त्यालाही सांगता आले नाही, पण त्यांचे भाडे मिनिटावर असते एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. चोपन्न भागिले आठ, पावणेसात मिनिटे. मी घड्याळ घेऊन शेजारी बसलो. सात मिनिटे झाली, दहा झाली, पंधरा झाली. तेविसाव्या मिनिटाला निकाल आला. तांबडा. एकसष्ट प्रश्न नापास. सकाळीच हेच सगळे प्रश्न, हाच कोड, एका यंत्रावर निर्वेध पास झाले होते.

आधी त्या तेवीस मिनिटांचे सांगतो, कारण ते सोपे आहे आणि त्यात मला थोडी फुशारकी मिरवता येते. परीक्षा सुरू होण्याआधी यंत्राला तयारी लागते. प्रत उतरवा, हवे ते सामान आणून बसवा, कोरा डेटाबेस उभा करा. ह्याला चार मिनिटे. प्रत्यक्ष प्रश्नांना पन्नास. वाटता येतात ती पन्नास. चार कोणालाच चुकत नाहीत, आठही यंत्रांना ती भरावीच लागतात. पन्नास यंत्रे लावा, पाच मिनिटे लागतील. हजार लावा, चार मिनिटे तीन सेकंद. चाराच्या खाली देव आला तरी नाही. जीन अॅमडाल ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा मुद्दा मांडला: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी तुमच्या वेगाची हद्द ठरवतो. आमच्याकडे सहा मास्तरांत उत्तरपत्रिका वाटल्या, तरी कपाटाची किल्ली एका शिपायाकडे असते आणि तो जेवायला गेलेला असतो.

तरीही चार आणि सव्वासहा मिळून सव्वादहा मिनिटे व्हायला हवी होती; तेवीस कशी झाली? भाच्याने तपासले. प्रश्न त्याने फायलींच्या नावाप्रमाणे, अक्षरक्रमाने वाटले होते. बरेचसे प्रश्न डोळ्याचे पाते लवायच्या आत सुटणारे. पण काही असे, की ज्यात यंत्र खरोखरीचा ब्राउझर उघडते, माणसासारखे पान भरते, बटणे दाबते आणि वाट पाहते. असले बहुतेक संथ प्रश्न नेमके एकाच गठ्ठ्यात गेले. सात यंत्रे कधीच मोकळी होऊन हात बांधून बसली. आठवे एकोणीस मिनिटे रखडत होते.

मी म्हणालो, “मराठीच्या निबंधाचा गठ्ठा एकाच मास्तराला दिलास तू.”

हा अनुभव आमचा जुना आहे. पन्नास-पन्नास उत्तरपत्रिका म्हणजे समान काम, असे ज्याने कधी पेपर तपासले नाहीत त्यालाच वाटेल. आमच्या शाळेत पुढे आम्ही गठ्ठे वाटणेच सोडून दिले. मधल्या टेबलावर एक ढीग. ज्याचे हातचे संपेल त्याने वरचे उचलावे. आणि जाडजूड, पुरवण्या जोडलेल्या उत्तरपत्रिका आधी वर ठेवायच्या; नाहीतर संध्याकाळी पाच वाजता सगळे चपला घालून उभे आणि एक जण पुरवण्या उलगडतो आहे, असे चित्र दिसते. भाच्याने हे ऐकले आणि म्हणाला, की हे तर रोनाल्ड ग्रॅहमने बेल लॅबोरेटरीत गणिताने सिद्ध केले आहे, १९६९ साली: मोठी कामे आधी वाटत गेलात, तर सर्वोत्तम वाटणीला जो वेळ लागेल त्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त तुम्ही कधी चुकणार नाही. त्याच ग्रॅहमने १९६६ साली आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती मला अधिक पटली. कामे जर एकमेकांवर अवलंबून असतील, तर एक माणूस वाढवल्याने काम उलट लांबू शकते. ज्यांनी घरच्या लग्नात वाढपी वाढवलेले पाहिले आहेत त्यांना गणिताची गरज नाही.

तर त्याने मागच्या वेळी कोणत्या प्रश्नाला किती सेकंद लागले त्याची नोंद काढली, मोठ्यापासून लहानापर्यंत एक ढीग रचला आणि यंत्रांना त्यातून एकेक उचलायला लावले. सव्वादहा मिनिटे. मग तयारीचे सामान दर वेळी नव्याने आणण्याऐवजी तयार ठशातून काढायची सोय केली. चाराची दोन झाली. साडेआठ मिनिटे! भाडे मात्र वाढले. एका यंत्राची चोपन्न मिनिटे होती. आता आठांची मिळून सहासष्ट-अडुसष्ट. थोडे जास्त पैसे देऊन पाऊण तास विकत घेतला म्हणायचा. त्याच्या वरिष्ठांनी फोनवर त्याची पाठ थोपटली.

पण निकाल तांबडाच होता. ते एकसष्ट.

ह्या एकसष्टांनी त्याची झोप उडवली, आणि का कोण जाणे, माझीही. एकटा सोडवतो तेव्हा चुकत नाही आणि आठांत वाटल्यावर चुकतो, हा कसला प्रश्न? पडवीत बसून तो एकेक उलगडू लागला. पहिले अठरा लवकर सुटले. आठ यंत्रे, पण आरक्षणाचे पुस्तक, म्हणजे डेटाबेस, त्याने एकच ठेवले होते. एक यंत्र अमुक गाडीची सात नंबरची सीट घेई. त्याच क्षणी दुसऱ्याला आपल्या प्रश्नासाठी तीच सीट हवी असे. आठ मास्तर आणि तांबड्या शाईची दौत एक. प्रत्येक यंत्राला आपापले पुस्तक दिले आणि ते भांडण मिटले.

पुढचे चाळीस जास्त खोल होते. एक प्रश्न असा: ‘घेतलेली सीट रद्द करून दाखवा.’ पण ही सीट घेतली कोणी? त्याच्या आधीच्या प्रश्नाने. आधीच्याने घ्यायची आणि मागे तशीच ठेवून जायची, पुढच्याने येऊन ती रद्द करायची. चार वर्षे हे दोघे शेजारी बसून परीक्षा देत होते आणि दोघांना पैकीच्या पैकी मिळत होते. वाटणीत त्यांची ताटातूट झाली. दुसरा वेगळ्या यंत्रावर एकटा पडला, रद्द करायला त्याच्यापुढे सीटच नव्हती, आणि तो नापास झाला. कोणी कोणाची नक्कल मुद्दाम केली नव्हती. पण एकाच्या उष्ट्यावर दुसरा जगत होता, आणि क्रम ठरलेला असल्यामुळे कोणालाच ते कळले नव्हते. वार्षिक परीक्षेला आम्ही एका बाकावर एक आठवीचा आणि एक नववीचा बसवतो, तेव्हा काही मुलांचे गुण एकदम उतरतात; ते का उतरतात ते वर्गाच्या मास्तराला ठाऊक असते आणि तो बोलत नाही. भाच्याला बोलणे भाग होते. ह्या चाळिसांपैकी प्रत्येकाला स्वतःचे सामान स्वतः मांडायला आणि स्वतःच आवरायला शिकवायचे, हे हाती लिहायचे काम. आठ यंत्रे जोडायला एक दुपार लागली होती. हे चाळीस धडे गिरवायला पुढे तीन आठवडे लागले. वेग यंत्रांनी वाढतो असे मी समजत होतो. यंत्रे तर दुकानात मिळतात.

राहिले तीन. हे तीन कधी पास होत, कधी नापास. कोड तोच, यंत्र तेच, प्रश्न तोच. सकाळी हिरवा, रात्री तांबडा. अशांना त्यांच्या धंद्यात ‘फ्लेकी’ म्हणतात. वहिवाट अशी, की फ्लेकी नापास झाला की पुन्हा चालवायचा. पुन्हा झाला, पुन्हा चालवायचा. तिसऱ्यांदा पास झाला की हिरवे धरायचे. कंपनी सोडून गेलेल्या कोणीतरी तशी तजवीजही करून ठेवली होती: तीन संधी द्या. ती तजवीज नव्या मांडणीत उतरली नव्हती, म्हणून हे तिघे उघडे पडले.

अनंतचतुर्दशीच्या आदल्या रात्री त्याला वरिष्ठांचा फोन आला. तो फोन ठेवून झोपाळ्यावर येऊन बसला. “ते तीन गाळून टाक म्हणतात,” तो म्हणाला. “तीन हजार आठशेतले तीन. दिवाळी तोंडावर आलीये. बरोबर आहे त्यांचंही. लहरी टेस्ट कोणाच्या कामाच्या?”

‘लहरी’ हा शब्द त्याचा. पण तो माझ्या हस्ताक्षरात एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात दोनदा लिहिलेला आहे.

हे मी तोवर कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री भाच्याला सांगितले. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. दोन वर्षे तो माझ्याकडे होता. फळ्यावर गणिते घातली, की एखाद्या आठवड्यात सगळी बरोबर आणी, पुढच्या आठवड्यात सगळी चूक. चूक म्हणजे अशी, की तीनाचे आठ आणि एकाचे सात. उत्तर त्याच्या आकड्यांप्रमाणे बरोबर असे, पण आकडेच भलते. मी म्हणे, “लक्ष कुठं आहे? पुन्हा लिहून आण.” तो मधल्या सुट्टीत शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून आणी आणि मी तांबड्या शाईने बरोबरची खूण करी. बरोबर आणि चूक दोन्हीला आमची शाई तांबडीच.

सहामाहीला मात्र त्याला चांगले गुण पडत. प्रश्नपत्रिका छापील. वर्गात हा असा आणि परीक्षेत एकदम असा, ह्याचा अर्थ मी काय लावावा? मी त्याला कॉपी करणारा ठरवले. वार्षिकाला त्याला सगळ्यांपासून वेगळे, दाराशी एकट्याला बसवले. तरी त्याला चांगले गुण पडले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी लिहिले: ‘लहरी. बुद्धी आहे, वृत्ती नाही.’

आमच्या शाळेत दर सोमवारी बाक बदलण्याची पद्धत आहे. पुढची मुले मागे, मागची पुढे. तो पहिल्या बाकावर असे त्या आठवड्यात पास होई. शेवटच्या बाकावर असे त्या आठवड्यात नापास. हे मला दोन वर्षांत दिसले नाही. तिसऱ्या वर्षी तो एका नव्या बाईंच्या वर्गात गेला. त्यांनी पंधरा दिवसांत त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि मुलाला चष्मा लागला. एवढीच गोष्ट. चष्मा लावून तो माझ्यासमोरून जिन्याने खाली उतरत होता. एकेक पायरी पाहत, जपून, जणू पायऱ्या त्याच दिवशी बांधल्या होत्या. मला पाहून त्याने हात जोडले. मी मान हलवली आणि टीचर्स रूममध्ये गेलो.

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने मीच विचारले, “ते तीन कधी नापास होतात, ह्याची कुठं नोंद आहे का?”

“असते. सगळ्याची असते. कोणी बघत नाही.”

त्याने ती काढली. रात्रीचा एक वाजला होता. बहिणीने आतून दोनदा हाक मारली. यादी पाहता पाहता तो एकदम ताठ बसला. तिघांपैकी दोघे फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच ह्या वेळात नापास होत. दिवसा कधीच नाही. परीक्षेची यंत्रे जागतिक प्रमाणवेळ पाळत, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे मध्यरात्री तारीख पालटते, त्या यंत्रांची पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच असते. प्रश्नात होते ‘उद्याच्या गाडीचे तिकीट’. परीक्षकाचा उद्या आणि विद्यार्थ्याचा उद्या निराळा! त्यात विद्यार्थ्याची चूक काहीच नव्हती. ते त्याने तिथेच, बसल्या बसल्या दुरुस्त केले.

तिसऱ्याच्या वेळांना असा काही मेळ नव्हता. तो प्रश्न होता: ‘गाडीत एकच सीट उरली असता दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी मागितली, तर एकालाच मिळावी.’ भाचा म्हणाला, “हा मी गाळणार नाही.” वरिष्ठांना काय सांगायचे ते तो जाताना बसमध्ये ठरवणार होता.

नवरात्रात त्याचा फोन आला. चाळीस धडे संपत आले होते, आणि तिसऱ्याचे कोडे सुटले होते. प्रश्न लहरी नव्हताच. तो चार वर्षे खरे बोलत होता. सीट रिकामी आहे का, हे प्रोग्रॅम आधी पाही, आणि मग नाव लिही. पाहणे आणि लिहिणे ह्यांच्या मध्ये एक अगदी बारीक फट होती. दुसरे गिऱ्हाईक नेमके त्या फटीत आले, तर त्यालाही सीट रिकामीच दिसे आणि त्याचेही नाव लागे. शंभर वेळा फट चुके, एखादे वेळी सापडे. सापडली की तांबडा दिवा. मग ‘पुन्हा चालवा’, आणि हिरवा. आता त्यांनी डेटाबेसलाच ताकीद दिली आहे, की एका गाडीची, एका दिवसाची, एक सीट दोनदा लिहूनच घ्यायची नाही. दुसरा आला तर त्याला तिथल्या तिथे नाही म्हणायचे. बदल म्हणाल तर चारपाच ओळींचा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, रात्रीच्या गाडीत, एकाच नंबरची दोन तिकिटे घेऊन उभी राहिलेली दोन कुटुंबे मी पाहिली आहेत. एकीकडे कडेवर मूल, दुसरीकडे म्हातारी; दोन्ही मोबाईलवर सात नंबर; आणि मध्ये कंडक्टर दोघांच्याही स्क्रीन पुन्हा पुन्हा पाहतो आहे. कोणत्या कंपनीचे ते सॉफ्टवेअर होते ते मला ठाऊक नाही. त्या वेळी मला वाटले होते, की दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे. मी मनातल्या मनात कोण ते ठरवूनही टाकले होते.

ह्या वर्षी भाचा पुन्हा गणपतीला आला. तेच स्टूल, तोच लॅपटॉप. पहिल्या दिवशी त्याने कळ दाबलेली पाहून मी सवयीने झोपाळ्यावर सरकून जागा केली आणि आत दोन कप चहा सांगितला. गेल्या वर्षी अर्धवट राहिलेली, त्याच्या आजोबांनी विहीर खणल्याची गोष्ट मला पुरी करायची होती. त्याने मान वर केली नाही. दुधाला उकळी येत होती तेवढ्यात पडवीतून त्याचा आवाज आला, “हिरवं!” आणि पुन्हा खटखट सुरू झाली.

बहीण चहा घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. त्याचा कप स्टुलावर लॅपटॉपशेजारी ठेवला आणि वर बशी झाकली.